तीनशे अठरा दाखले

आमच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मोजपट्टी म्हणतात. लहानपणी ती स्वतःची सावलीसुद्धा मोजायची. नोकरीही तशीच मिळाली, मोठ्या इस्पितळाच्या मेंदू-शस्त्रक्रिया विभागात संशोधकाची. सुरी सर्जननं धरायची. हिनं स्कॅनवर मोजायचं, की गाठ कुठे संपते, बोलण्याचं केंद्र कुठे सुरू होतं, मधे किती मिलिमीटर उरतात. एकवीस शोधनिबंध छापून आले. त्यातल्या एकाचा दाखला जगभरातल्या तीनशे अठरा निबंधांनी दिलाय. हा आकडा ती रोज ब्लडप्रेशरसारखा बघायची. मी चिडवायची, "आज कितीवर गेलं?"

गेल्या मार्चात भर दुपारी, कामाच्या दिवशी, ती दारात उभी. पर्स खांद्यालाच ठेवून खुर्चीत बसली.

"ताई, डावं-उजवं झालंय. अकरा स्कॅनमध्ये."

"नीट सांग."

स्कॅन बघताना रुग्ण आपल्यासमोर तोंड करून आहे असं धरतात, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला. काही यंत्रं मात्र चित्र उलटवून देतात. बारा वर्षांपूर्वी अकरा रुग्णांचे स्कॅन तशा यंत्रावरून आले आणि हिनं सवयीनं वाचले. आता बढतीसाठी जुन्या फायली जुळवताना एकाच्या कवटीवरची जुन्या जखमेची खूण केसपेपरात लिहिलेल्या बाजूच्या विरुद्ध दिसली. म्हणजे डावीकडे दोन मिलिमीटर जागा जास्त असते असं हिनं छापलं होतं, ती खरं तर उजवीकडे होती. आणि बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र डावीकडे असतं.

"माझ्या दोन मिलिमीटरवर विसंबून कुणी कापलं असलं तर?"

तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय, मला रडारड सहन होत नाही. म्हटलं, "रडायचं नंतर. तुझा दाखला देणाऱ्यांची यादी काढ."

तीन दुपारी आम्ही ती यादी वाचली. तिचा हात निबंध उघडायला धजेना, म्हणून उघडायचं काम माझं. ती टेबलाची कड घट्ट धरून बसायची.

"हा?"

"उंदरांवरचा आहे."

"हा?"

"नुसती प्रस्तावना. सात जणांच्या रांगेत तुझंही नाव. अगं, तुझा निबंध कुणी वाचलाय तरी का?"

"न वाचलेलाच बरा, ताई."

तीनशे चौदा तसेच निघाले. उरले चार, खरोखर मेंदू उघडणाऱ्या सर्जनचे. चौथ्यात लिहिलं होतं: चौदा रुग्ण, सगळ्यांची डावी बाजू, एकाचं बोलणं गेलं, ते परत आलं नाही. मी वाचायची थांबले. ती उठली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली.

मग तिनं विभागप्रमुखांना फोन लावला, मला ऐकू यावं असा.

"कुणाच्या लक्षात आलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग बढतीची मुलाखत होऊ दे. घाई कशाला करता?"

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगते, गप्प बस असं सांगणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एकवीस वर्षांची तिची नोकरी. पण तो एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी खेकसले. "मी काय तुझी मुख्याध्यापिका आहे?"

तिनं तिथंच बसून नियतकालिकाला आणि त्या चौघांना पत्रं लिहिली: चूक माझी, अकरा स्कॅन, या या बाजू. पाठवताना तिचा डावा हात माझ्या हातात होता.

निबंध मागे घेतला गेला. बढती गेली. तिघांची उत्तरं आली. ते शस्त्रक्रियेच्या मधे रुग्णाला जागं करून बोलायला लावतात आणि स्वतःच मोजतात. हिचा आकडा नुसता उल्लेखापुरता होता. चौथ्याचं उत्तर नाही. दोनदा स्मरणपत्र गेलं. दुसऱ्यालाही पाच आठवडे झाले.

दाखल्यांचा आकडा ती आता बघत नाही, फक्त टपाल बघते. रोज दुपारी अडीचला, टपाल बघून झालं की, इस्पितळातून मला फोन करते. मी उचलते, आणि पलीकडे आधी काहीच ऐकू येत नाही, नुसता श्वास.

"बोल की गं," मी ओरडते, "आधी बोल!"