उपवास सोडला आणि यकृत दिलं

“सिरोसिस है,” डॉक्टर म्हणाले आणि मी फटकन बोलून गेले, “पर ये तो पीते नहीं!” सिरोसिस म्हणजे यकृतावर वण पडत जाऊन ते निबर होणं. त्याला दारूच लागते असं नाही. यांना मधुमेह होता आणि फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. तेवढं पुरलं. आता ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवणं, हाच उपाय होता.

आम्ही अकोल्याचे. यांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे जयपूरला आलो, मालवीय नगरात राहतो. घरात रक्तगट जुळला तो माझा. दात्याचं उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, हे ऐकून माझी निम्मी भीती गेली. बाकीची मी कुणाला दाखवली नाही.

पण माझ्या स्कॅनमध्येही चरबी निघाली. “अभी आपका नहीं ले सकते,” डॉक्टर म्हणाले. मी पार खचले. अशा दात्यांची चरबी आहाराने आणि चालण्याने किती उतरते, यावर त्यांच्या विभागात अभ्यास सुरू होता. मी लगेच त्यात नाव दिलं.

रोज चालू लागले. शिवाय यांच्यासाठी सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपवास धरले. इकडे यांच्या पोटात पाणी भरत होतं, डोळे पिवळेजर्द झाले होते. पुन्हा स्कॅन केला, तर माझी चरबी जैसे थे!

“व्रत में क्या खाती हैं?” आहारतज्ज्ञ मॅडमनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, वर साजूक तूप. संध्याकाळी रताळ्याचा गोड कीस.

“ये व्रत है या दावत?”

मला आधी राग आला, मग रडू आलं. यांच्यासाठी धरलेला उपवास यांच्याच आड येत होता. घाबरतच सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सोड वं बाई. देवाले मी सांगतो.”

मग भाकरी, वरण, पालेभाज्या. शेजारच्या भाभी माझ्यासोबत चालायला येऊ लागल्या आणि त्यांनी माझ्यासाठी घेवर, ती तुपात तळलेली मिठाई, आणणंही बंद केलं. पुढच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले, “अब ले सकते हैं.” बाहेरच्या बाकावर मी इतकी रडले की लोकांना वाटलं, वाईट बातमी आहे. एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

तुम्हाला दाता म्हणून नकार मिळाला तर एवढं नक्की विचारा: हा नकार कायमचा, की आजच्यापुरता? आमच्याआधी ज्या पेशंटनी आणि दात्यांनी अभ्यासाला होकार दिला, त्यांच्यामुळे आम्हाला ‘आजच्यापुरता’ हे उत्तर मिळालं. त्यांची नावंही मला माहीत नाहीत, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. यांनीही आपलं जुनं यकृत संशोधनासाठी देऊन टाकलं.

शस्त्रक्रियेनंतर खूप दुखलं, खोटं कशाला सांगू? थोडी सावरल्यावर मला व्हीलचेअरवरून यांच्या खाटेपाशी नेलं. “नया लिवर काम करने लगा है,” डॉक्टर म्हणाले.

“करेगा ही,” मी म्हटलं. “मेरा है. उसको बैठे रहने की आदत नहीं.”

“म्हणजे आता मलाही बसू देणार नाही,” हे पुटपुटले.