आमचा तिसरा चार्ज कंट्रोलर

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे विजेच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू शकत नाही.

हे मी मुलुंडच्या आमच्या घरात इतक्यांदा सिद्ध केलंय, की साधा बल्ब बदलायचा असला तरी बायको, म्हणजे नीता, आधी मला भाजी आणायला पाठवते आणि मग स्वतः स्टुलावर चढते. (मी परत येईपर्यंत उजेड पडलेला असतो. भाजी मात्र चुकलेली असते.)

तरीही गेल्या वर्षी मी शाळेची मुलं ने-आण करणारी एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि तिचं फिरतं घर करायचं ठरवलं. दोन बाक, एक शेगडी, छोटा फ्रिज आणि टपावर सोलर पॅनेल. लोकांना वाटलं मला भटकायची हौस आहे. खरं कारण आई होती. इन्सुलिन सुरू झाल्यापासून चार वर्षं ती गावच्या जत्रेला गेली नव्हती. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात वीज गेली की दोन-दोन दिवस फिरकत नाही आणि इन्सुलिन तर थंड ठेवावं लागतं. आई तोंडाने काही म्हणायची नाही. गावाहून जत्रेची तारीख कळली की ती एका चिटोऱ्यावर लिहून देवघरात ठेवायची आणि जत्रा होऊन गेली की गुपचूप काढून टाकायची. मला ते बघवत नसे. यंदा तो चिटोरा वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

पॅनेल आलं, बॅटरी आली. राहिला चार्ज कंट्रोलर. ही पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारी पेटी. आमच्या सोसायटीत टाकी भरली की वॉचमन पंप बंद करतो, तसा हा बॅटरी भरली की वीज थांबवतो. फरक इतकाच, की हा झोपत नाही.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या दुकानात मी गेलो, सोबत मेव्हणा महेश. महेश राहतो मानखुर्दला आणि नोकरीला ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात. तिथल्या कँटीनच्या कोठीवर तो बटाटे-कांदे मोजून घेतो. पण 'ट्रॉम्बे' म्हटल्यावर आमच्याकडे सगळे त्याला मिक्सरसुद्धा दुरुस्तीला आणून देतात, आणि तो बिचारा तो करूनही देतो.

"दोन टाईप आहेत साहेब," दुकानदार म्हणाला. "हा पीडब्ल्यूएम, साधा. हा एमपीपीटी, भारी. तुमचं पॅनेल एकच ना? मग साधा बस झाला."

"भावोजी, साधाच घ्या," महेश म्हणाला. "एका पॅनेलला एवढं लचांड कशाला?"

ज्या दुकानदाराला स्वतःचा महाग माल विकायचा नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय मी दोन महिने रोज जेवताना इंटरनेटवर हेच वाचत होतो. "महेश, तुझी फील्ड बटाट्याची," मी म्हणालो. "एमपीपीटी द्या. मोबाईलवर आकडे दाखवतो तो!"

दसऱ्याला गाडीची पूजा केली. आईने कंपाउंडमध्ये उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पेटयेक बरकत दी आणि माका जत्रेक ने रे म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं. नीताने स्टिअरिंगला हार घातला. मी म्हणालो, "स्टिअरिंगला काय घालतेस? खरं इंजिन वर आहे!" शिडी लावून मी टपावर चढलो. पॅनेलवर तेलात कालवलेल्या शेंदराचं ठसठशीत स्वस्तिक काढलं (तेलात, म्हणजे पावसानेही जायला नको!) आणि झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्हीकडून तारेने आवळला. माझं काम पक्कं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पॅनेलमधून किती वॅट वीज येते तो आकडा मोबाईलवर दिसू लागला. शंभरच्या वर जायला हवा होता, तो अठरावर बसला. मी कंट्रोलर उचलून दुकानात गेलो.

"पीस खराब दिलात!"

"साहेब, एकदा पॅनेल बघा ना."

"पॅनेलची पूजा केलीय मी!" मी ठणकावलं. त्याने मुकाट्याने त्याहून मोठा कंट्रोलर दिला. त्यावर आकडा आला सतरा. मग मी तिसरा, परदेशी बनावटीचा आणला. त्यावरही सतराच, पण रंगीत.

"अरे यार, तिन्ही कसे खराब निघतील?" नीता म्हणाली.

"बिल्डिंगची सावली पडते गं. मोकळ्या उन्हात बघ कसा पळतो."

जत्रेला पंधरा दिवस उरले होते. नीताने अट घातली, की आधी एक दिवस गोराईला जाऊन ट्रायल घ्यायची. फ्रिज टिकला तर आई गावाला येईल, नाही तर नाही. हे बरोबरच होतं, म्हणून मला राग आला.

गोराईला सुरूच्या झाडांपासून लांब, भर उन्हात गाडी लावली. फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन, शेजारी पापलेट आणि सोलकढी. महेशला मी मुद्दाम बोलावलं होतं, त्याची जिरवायला. साडेबाराला फ्रिज तीनदा किंचाळला आणि बंद पडला.

"वाट लागली," महेश म्हणाला.

"ऊन कमी आहे!" मी म्हणालो. माझ्या टकलावरून घाम ठिबकत होता.

नीता उठली, किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या मावशीकडून बर्फ घेऊन आली आणि इन्सुलिन डब्यात घालून त्या बर्फात ठेवलं. आई बाकावर बसून हे बघत होती. म्हणाली, "ऱ्हवांदे रे झिला. गावची जत्रा काय, फोनवर दिसता आता."

ती हसत म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं. मी कंट्रोलर उघडला, स्क्रू पाडले, वायरी काढल्या, लावल्या. काही उपयोग नाही. आवाज मात्र चढलेला होता.

इतक्यात टपावर खडबड झाली. पाठोपाठ कंट्रोलर 'टिंग' वाजला. आकडा सतरावरून चाळीसवर गेला!

"बघ!" मी ओरडलो. "काय म्हणत होतो? परदेशी माल आहे! गरम व्हायला वेळ लागतो त्याला!"

पुन्हा खडबड. आकडा सत्तर! फ्रिज घुरघुरू लागला. मी महेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "एमपीपीटी, बाबा! बटाटे वेगळे आणि हे वेगळं."

तेवढ्यात समोरच्या काचेवर काहीतरी थपकन पडलं. झेंडूच्या हाराचा वाळून काळा पडलेला, वीतभर तुकडा. आणि टपाच्या कडेवर एक कावळा, चोचीत तारेचा तुकडा.

महेश शिडीने वर गेला. वरून त्याचा शांत आवाज आला, "भावोजी, दसऱ्याचा बाकीचा हार अजून पॅनेलवरच आहे. अर्ध्या भागावर सावली. आणि हे स्वस्तिक... तेलातलं ना?"

दोन महिन्यांच्या वाचनात 'पॅनेलवर सावली पडू देऊ नका' हे अगदी पहिल्याच पानावर होतं. सोपं आहे म्हणून मी ते पान सोडलं होतं.

आई मात्र हात जोडून कावळ्याकडे बघत होती. आमचे बाबा गिरणीत वायरमन होते. "तुझो बापूस इलो रे!" तिचे डोळे भरून आले. "झिल अडाकलो, म्हणान इलो! बघ, वायरच धरल्यान चोचीत!" तिने तळलेल्या पापलेटचा पहिला तुकडा त्यालाच दिला. त्या दिवशी मीसुद्धा वाद घातला नाही. बाबा असते तर त्यांनीही आधी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हरच काढून घेतला असता.

महेशने उरलेला हार काढला, रॉकेलने स्वस्तिक पुसलं, आकडा एकशे दहावर गेला. घरी आल्यावर त्याने स्वतःच्या पैशाने आणलेला साधा, पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावून बघितला. फ्रिज त्याच्यावरही तसाच चालला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढा तो सज्जन आहे.

बारा दिवसांनी आम्ही गावाला निघालो. आई पुढच्या सीटवर, देवघरातला चिटोरा मुठीत. निघताना गाडीला हार हवा म्हणून मी झेंडूचा आणलाच होता. शिडीकडे वळलो, तर नीताने तो माझ्या हातातून घेतला आणि सगळ्या सोसायटीसमोर माझ्या गळ्यात घातला.

"इथे सावली पडली तरी चालेल," ती म्हणाली. "आत तसंही काही चार्ज होत नाही!"