श्रावणातली गौर

फूल दिसलं की ताई चष्मा कपाळावर चढवायच्या, डोळे बारीक करून त्याच्या अगदी जवळ जायच्या आणि म्हणायच्या, "ही बाई तेव्हा नव्हती." सगळी फुलं त्यांच्या लेखी बायाच होत्या.

'तेव्हा' म्हणजे यादवांच्या काळात, सातशे वर्षांपूर्वी. त्या काळावरच्या एका मालिकेचं शूटिंग आमच्या मुळशीच्या रानात चाललं होतं. पडद्यावर कुठलं फूल दिसावं आणि कुठलं चुकूनही दिसू नये, हे ठरवणं ताईंचं काम. असं काम करून कुणी पोट भरतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तुम्हाला तरी होतं का? ताम्हिणीच्या रस्त्याला घराशेजारी खोल्या बांधून आम्ही भाड्याने देतो. युनिट तिथं उतरलं होतं आणि त्यांचं जेवण माझ्याकडे होतं.

आल्या आल्या ताईंनी माझं अंगण निकालात काढलं. झेंडू नव्हता, सदाफुली नव्हती, कर्दळ नव्हती. कुंपणावरची घाणेरी तर कालपरवा आलेली. दारातल्या पांढऱ्या चाफ्याकडे त्या वळल्या तेव्हा मी आडवी आले. "अहो, देवाला वाहतो आम्ही तो!"

"वाहा की. मी कुठं नको म्हणतेय? पण तेव्हा नव्हता." आणि चाफ्यावर गोणपाट पडलं.

मला मनापासून राग आला. दुपारी पानात ठेचा वाढला, तर म्हणतात कशा, "मिरचीसुद्धा तेव्हा नव्हती," आणि ताट पुढे करून आणखी मागून घेतला. तिथं माझा राग गेला. आपल्या हातचं मिटक्या मारत खाणाऱ्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

पन्नाशी उलटलेल्या, सडसडीत, पायात गमबूट. स्वतःच्या केसांत मात्र कधी फूल नाही. भर पावसात माळावर जायच्या आणि कळलावी, आभाळी, तेरडा असं काय काय टोपलीतून घेऊन यायच्या. तेरडा हातात घेतला की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. "ही इथलीच. हिला कुणी आणलं नाही, हिला कुणी घालवलंही नाही." हे त्या अशा काही म्हणायच्या, की मला वाटे, यांना तेरड्याचा हेवा वाटतोय.

त्या मालिकेत नायिका गौर घरी आणते असा एक प्रसंग होता. मुखवटे आणि जरीच्या साड्या ताईंनी परत पाठवल्या. आमच्याकडे तेरड्याचीच गौर असते हे कळल्यावर त्या माझ्या सासूबाईंना जाऊन चिकटल्या. सासूबाईंनी मुळासकट तेरडा उपटून आणला, ओढ्यावर धुतला, जुडी बांधून दिली. जुनी चौकट आहे म्हणून प्रसंग आमच्याच दारात घेतला. नायिकेने पायांवर पाणी घेतलं, गौर छातीशी धरून उंबरा ओलांडला. दिग्दर्शक साहेब खूश झाले. मग आवराआवर सुरू झाली आणि युनिटमधल्या एकाने ती जुडी उचलून उकिरड्यावर भिरकावली.

सासूबाई तरातरा बाहेर आल्या. "घरात घेतलेली लेक उकिरड्यावर टाकताय व्हय?"

"आजी, शूटिंग आहे हे. सगळं खोटं असतं," साहेब हसत म्हणाले.

"उंबरा तर खरा हाय न्हवं?"

मी मध्ये पडून सासूबाईंना म्हणाले, "आत्या, अजून भादवा लागायचाय. श्रावणात कुठं गौर येते?"

"लेक हाय ती. तिला काय पंचांग लागतंय? आली, तिला जेवू घालायची आन् तिसऱ्या दिशी वाटंला लावायची."

युनिटला दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जायचं होतं. ताई उकिरड्यावर गेल्या, जुडी उचलून पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा. हिला मी बोलावलंय, हिला पोचवून येते."

अशी आमच्याकडे एका वर्षी श्रावणात गौर बसली. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. पुरण वाटता वाटता ताई सहज सांगितल्यासारखं सांगायला लागल्या. लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर भावाने घर विकलं, विकल्यावर कळवलं. मुंबईत एक भाड्याची खोली आहे, पण वर्षातले बरेच दिवस अशाच कुणाच्या तरी गावात जातात. "मला निघताना कुणी 'कधी येशील' असं विचारत नाही हो. 'कधी निघणार' एवढंच विचारतात. गाडी सांगायची असते ना." आणि हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी गौरीची ओटी भरून झाल्यावर सासूबाईंनी तांदळाचं सूप ताईंकडे वळवलं. ताई मागे सरल्या. "मी लग्न केलेलं नाही, आजी. मला चालत नाही."

"लेकीची वटी हाय ही. लग्नाची न्हाई. पदर धर."

पदर कुठला! ओढणीच पसरली त्यांनी. खण, नारळ, तांदूळ पडले तशी तिची टोकं त्यांनी घट्ट गोळा करून धरली. ओढ्यात गौर सोडली, आम्ही माघारी फिरलो. गाडीत बसताना सासूबाईंनी दरडावलं, "जाते म्हणू नगंस. येते म्हण." गाडी सुरू झाल्यावर ताईंनी खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, "येते." मी तर उघड उघड रडले.

पुढे त्यांचं येणं काही झालं नाही. कधी राजस्थान, कधी आणखी कुठं. भाद्रपदात मात्र फोन यायचा. "तेरडा आला का?" मी म्हणायचे, "तेरडा आला, तुम्ही कधी येताय?" ऐकू आलं नाही असं म्हणून त्या मला पुन्हा विचारायला लावायच्या. तो प्रश्न ऐकायलाच त्या फोन करत असाव्यात.

यंदा गौरी बसायच्या आदल्या दिवशी फोन आला, तो युनिटमधल्या मेकअपवाल्या बाईंचा. ताई मुंबईत वारल्या. चार दिवस झाले होते.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या तेरडा आणायला निघाल्या होत्या. विळा खाली ठेवून म्हणाल्या, "देवापुढचा दिवा लावू नगंस. सुतक हाय."

"आत्या, त्या आपल्या ना नात्याच्या ना गोत्याच्या."

"वटी भरून धाडली न्हवं मी तिला? धाडलेल्या लेकीचं माहेरी कळल्यापास्नं तीन दिस असतंय."

"आणि गौर?"

"एक गेली. दुसरीला कुठल्या तोंडानं घरात आणू?"

सासूबाईंना तिघे मुलगेच. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकदाही गौर चुकवलेली नव्हती. यंदा शेजारच्या घरांतून गाणी, फुगड्या ऐकू येत होत्या आणि आमचा कोनाडा रिकामा होता. मी भिंतीला टेकून बसून राहिले. बांधावर तेरडा दाटला होता, तिकडे बघवत नव्हतं. मुंबईच्या त्या खोलीत ताईंसाठी कुणी काही पाळलं असेल का, हेच सारखं मनात येत होतं.

गौरींच्या दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी हळदी-कुंकवाला बोलवायला आली. सासूबाईंनी ओसरीवरूनच सुतक असल्याचं सांगितलं.

"आगं बया! कोन गेलं?"

"माजी लेक."

"तुला गं कुटं लेक हुती?"

"हुती की," सासूबाई म्हणाल्या. "मुंबईला दिली हुती."