बेटावरची अंबाडी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझा थोरला भाऊ कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर सरकारी डॉक्टर होता. त्याने आईची आणि माझी तिकिटं पाठवली. सुलतानपूरहून मलकापूर, तिथून रेल्वेने मुंबई, पुढे विमानं बदलत आम्ही दोघी पोचलो. ते बेट उसाचं आणि दारूचं, एवढं आईने कुणाकडून तरी ऐकलं होतं. आमचे वडील दारूपायीच गेले. पोरगा त्या वाटेला लागला नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. समुद्र वगैरे माझी हौस.

भाऊ आम्हाला जिकडेतिकडे फिरवायचा. किनाऱ्यावर आईने पाण्यात बोट बुडवून चाखलं, "आपल्या लोणारच्या तळ्यावानी खारं हाये," म्हणाली आणि विषय संपवला. जिथे गुलाम राबवून साखर आणि तिच्या मळीची दारू काढत, तो जुना कारखाना पाहताना मात्र म्हणाली, "एवढी माणसं मेली, अन् त्यातून निंघालं काय? दारूच ना!" तळलेले मासे मी मागून मागून खाल्ले. आई मात्र भाऊ घरी आला की त्याचा वास घ्यायची. मला हसू यायचं आणि चीडही.

नाताळात शेजारच्या बाईंनी जेवायला बोलावलं. ग्लासांतून लालभडक काहीतरी आलं. भावाने ते घटाघटा संपवलं. आईला लवंगेचा वास आला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दारूचा वास मारायला वडील लवंगच चघळायचे.

"तू बी बापासारखाच निंघाला काय रे?"

"सरबत हाये आई. अंबाडीचं, लवंग घातलेलं."

"तो बी 'ताकच पेलो' म्हणायचा."

भाऊ उठला. तिचा हात धरून तिला परसात घेऊन गेला. लाल देठांची, ग्लासातल्यासारख्याच लालभडक बोंडांची झाडं ओळीने उभी होती. आईने पान तोडून चावलं. आमच्या बांधावरचीच अंबाडी, तशीच आंबट. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. माझाही जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर तोवर मीही चोरून त्याचा वास घेतच होते.

मग आत येऊन तिने ग्लास उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"गोड जरा जास्तच हाये," ती म्हणाली. ग्लास हातातच होता. "तुमच्या बापानं हेच पेलं असतं, त आज आपल्यासंगं आला असता."