उरलेला युरिया

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शेतीची पदवी घेऊन उमापूरजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा हे कुणी न विचारताही मी सांगायचे. अजूनही सांगते.

त्या हिवाळ्यात विहिरीला पाणी बेताचंच होतं. गव्हाचे दाणे भरतील एवढं नव्हतं, म्हणून विहिरीजवळच्या तुकड्यात गहू पेरला तो जनावरांसाठी, हिरवाच कापून घालायला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच ऐकवलं होतं, "चारा कमी पडला तर तांबडी बाजारात जाईल." तांबडी गाय गाभण होती, आणि आईनं तिला वासरापासून वाढवलेलं. आईनं फक्त माझ्याकडं बघितलं.

भांडण युरियावरून झालं. अण्णांनी रांगेत उभं राहून पोती आणली होती आणि ती सगळी टाकायची होती. मी म्हटलं, निम्म्यात भागतं, पण दोनदा विभागून द्यायचा.

"निम्मा कावून? उरलेला तुझ्या लग्नात आंदण द्यायचाय का?"

"अण्णा, रोपाच्या मुळ्या एवढ्याश्या. त्यांना झेपतं तेवढंच त्या घेतात. युरियातलं बाकीचं नत्र हवेत उडतं, न्हाईतर पाण्यासंगं खाली जातं."

"म्हंजे मी आजवर टाकलेला समदा उडूनच गेला म्हण की!"

"समदा न्हाई. निम्मा."

चुलीपाशी आई हसली. अण्णा हसले नाहीत. रानात गेले आणि मधोमध फावड्यानं दांड पाडला. "इकडचं तुझं, तिकडचं माझं. तुझ्याकडं चारा कमी भरला तर गाय तुझ्यामुळं गेली, ध्यानात ठेव."

अण्णांनी सकाळीच आपल्या वाट्याचा सगळा युरिया फेकला, आणि नेमकी लाईट गेली. मोटार बंद. पाणी देऊन मुरवायचा तो युरिया ओलसर जमिनीवर तसाच पडून राहिला. बांधावर उभं राहिलं की त्याचा वास नाकाला झोंबायचा. मी लाईट आल्यावर, पाणी सोडायच्या तोंडावर थोडा टाकला. राहिलेला युरिया टाकला तो गहू कांडी धरायला, म्हणजे खोडाला पेरं सुटायला लागली तेव्हा.

तरी अण्णांचा गहू काळाभोर दिसायचा आणि माझा साधा हिरवा. शेजारच्या रानातले चुलते बांधावरूनच ओरडायचे, "अरे, तुझ्या लेकीच्या गव्हाला कावीळ झाली का बे?" अण्णा म्हणायचे, "शिकलेला गहू हाय, उन्हात काम करीत न्हाई." मी खालमानेनं गवत खुरपत राहायचे. खरं सांगते, त्या दिवसांत गोठ्यात गेले की तांबडीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

ओंब्या दिसायला लागल्यावर कापणी केली. दोन्हीकडचा एकसारखा वाफा कापून भारे बांधले, लिंबाच्या फांदीला कापूस तोलायचा काटा टांगला. अण्णांचा भारा चांगलाच जड भरला.

"झालं समाधान?" अण्णा म्हणाले.

"न्हाई. तुमच्या भाऱ्यात पाणी जास्त हाय. वाळवून तोला."

"गाय काय वाळवून खाती का?"

आता आई बोलली. "पोटात ऱ्हायचं ते वाळल्यावरच कळतं. ठेवा दोन्ही माळवदावर."

कडक वाळल्यावर पुन्हा काटा टांगला. अण्णांचा भारा माझ्यापेक्षा मूठभर जड निघाला. मूठभरच. मी म्हटलं, "एवढ्यासाठी दुप्पट युरिया." अण्णांनी काटा हलवून बघितला, फांदी बदलली, परत तोलला. तेच.

"दिसायला माझाच भारी होता," एवढं बोलून ते भारे खाली घेऊन गेले.

दोन्हीकडचा चारा कडब्यात मिसळून जनावरांना घातला आणि उन्हाळा निघाला. तांबडी गोठ्यातच व्याली.

पुढच्या पेरणीला युरियासाठी पुन्हा रांगा लागल्या. चुलते घरी आले. ओसरीवरचं, गेल्या साली माझ्या वाट्यातलं उरलेलं बांधलेलं पोतं बघून थबकले.

"हा उरला कावून? टाकला न्हाई का?"

अण्णा पोत्यावरच बसले होते. उठले नाहीत.

"गव्हाचं पोट भरलं म्हणून उरला," ते म्हणाले. "तुला पाहिजे तर पोरीला इचार. किती टाकायचा, कवा टाकायचा, ते पण तीच सांगंल."