दाढेतली चांदी आणि भिजवलेली भाकरी

दाढेतली चांदी माझी बदलली, पण दुखणं निघालं बायकोचं. सांगायचं आहे ते एवढंच. माझ्या दातांत सांगण्यासारखं काही नाही.

तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. निम्मी नोकरी धुळ्याला, निम्मी जळगावला. धुळ्याला असताना आम्हा नवराबायकोच्या दाढा एकाच महिन्यात ठणकायला लागल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरने माझ्या खालच्या दोन दाढांत आणि तिच्या उजव्या दाढेत चांदी भरून दिली. चांदी म्हणायचं आपलं. थोड्याच दिवसांत ती काळी पडली आणि आ केला की डांबर खाल्ल्यासारखं दिसायला लागलं. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दिवसभर गाडीत ओरडायचं, "तिकिटाचं कोण राहिलं? कोणी राहिलं का?" त्या गर्दीत माझी दाढ बघायला कोण बसलंय! हसतील त्यांचे दात दिसतील.

मग रिटायर झालो आणि मुलाचं लग्न जमलं. मुलगी धुळ्याची. पुण्याहून चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, साखरपुड्याला फोटोवाला आहे. तुम्ही हसलात की आत सगळं काळं दिसतं. ते काढा आणि दाताच्या रंगाचं भरून घ्या. हल्ली सगळे तेच भरतात." माझं डोकं फिरलं. म्हटलं, लेका, याच काळ्या दाढांनी चावून खाऊन तुला वाढवलाय. पण उभं राहून राहून गुडघे गेलेत, आणि त्यांच्याबरोबर भांडायची हौसही गेली. बरं बाबा, म्हणून फोन ठेवला.

जळगावच्या दवाखान्यात बायको सोबत आली. तिचं म्हणणं, तुम्ही मधूनच चिडून उठून याल. डॉक्टर आमच्या मुलाच्याच वयाची पोरगी. तिने आरसा घालून बघितलं आणि म्हणाली, "काका, चांगली घट्ट बसलीय की चांदी. कीडही नाही, दुखतही नाही. मग कशाला काढताय? काढताना तुमचा चांगला दातही थोडा घासला जाणार, आणि काही दिवस गार पाणी लागलं की कळ येईल." शहाणी पोरगी. पण घरी जाऊन पुन्हा फोनवर वाद घालायचा मला कंटाळा आला होता. "काढा," म्हटलं, "एकदाचं होऊन जाऊ द्या."

मग तिने दातांच्या रंगांचे नमुने काढले, पिवळट ते पांढरे. मी पहिल्या झटक्याला सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. तिने तो बाजूला ठेवला आणि बायकोला बोलावलं. "काकू, तुम्हीच बघा कोणता जुळतो." बायकोने नमुने हातात घेतले, वाकून माझ्या तोंडात नीट पाहिलं आणि म्हणाली, "यापेक्षा पिवळा नाही का हो?" आणि खळखळून हसली. एरवी हसताना तिचा पदर तोंडावर असतो. त्या दिवशी दोन्ही हात नमुन्यांत अडकलेले. डॉक्टरही हसत होती, ती एकदम थांबली.

"काकू, तुम्ही जरा बसा बरं इथे."

"माले काय धाड भरनी शे!" बायको अहिराणीवर आली. घरी ती तसंच बोलते.

पण बसली. मी तिची पिशवी धरून मागे उभा. उजव्या दाढेतली चांदी केव्हाच पडून गेली होती, दाढेचं नुसतं टरफल उरलं होतं. डाव्या बाजूने चावून चावून तिकडच्या दाढा झिजलेल्या.

"किती दिवस झाले, काकू?"

"असतील सात-आठ वर्षं. एका बाजूने चावते ना. कुठे काय अडतं?"

सात-आठ वर्षं. तेव्हा ती एकदा म्हणाली होती, दाढ ठणकते म्हणून. मी ड्यूटीला निघालो होतो, शर्टाची बटणं लावत होतो. "लवंग धर," म्हटलं आणि गेलो. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमच्या घरात बाईमाणूस सगळ्यांचं झाल्यावर जेवतं. ती शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी कुस्करून ठेवायची आणि ओटा पुसून होईपर्यंत भिजू द्यायची. एकदा पाणी प्यायला आत गेलो तर ते ताट दिसलं. "काय गं, बोळकं झालं का तुझं? खरपूस भाकरीचा चिखल करतेस!" ती म्हणाली, "माले अशीच आवडस." मी खरं मानलं. उन्हाळ्यात ती स्वतः ज्वारीच्या बिबड्या करते. पापडासारख्याच, पण जाड. भाजून माझ्या ताटात ठेवायची, वर स्वतःच्या वाटणीचीही द्यायची. तिला म्हणे पित्त होतं. मी दोन्ही कडाकड फोडून खायचो आणि मनात म्हणायचो, बायको जीव लावते हो. लावतच होती म्हणा.

दवाखान्यात मी तिच्यावरच ओरडलो. "सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं का?"

खुर्चीत पडल्या पडल्या ती म्हणाली, "तुमना दात फोटोमा दिसतीन. मना कोणले दिसतस?"

डॉक्टर पोरगी पाठ वळवून हत्यारं लावत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या गाडीला रोज विचारलं, कोणी राहिलं का. घरात एकच माणूस राहिलं होतं, तिला विचारलं नाही.

"आधी हिचं करा," म्हटलं. तिच्या दाढेत आता कुठल्याच रंगाचं काही भरता येणार नव्हतं. मुळाचं काम करून वर टोपी बसवावी लागली, चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तिनेच मला खुर्चीत बसवलं. पोराचा शब्द मोडू नका म्हणे. तोंडात रबराचा पडदा, गार पाण्याचे फवारे, शेवटी निळा उजेड, आणि माझी काळी चांदी गेली. साखरपुड्यात मी हौसेने तोंड उघडून हसलो. फोटो आले तेव्हा कळलं, खालच्या दाढा फोटोत दिसतच नाहीत.

आता आम्ही जेवायला एकदमच बसतो. परवा मी स्वतः बिबडी भाजली. एक कड जाळली, पण तिच्या ताटात ठेवली. तिने तुकडा तोंडात घातला आणि डाव्या गालाकडे सरकवला.

"उजवीकडून चाव की," मी म्हटलं. "अजून दुखतंय का?"

तुकडा तसाच गालात ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"आते इचारी ऱ्हायनात का?" म्हणाली. आत्ता विचारताय होय! आणि तुकडा उजवीकडे घेऊन कडकन चावला.