रॅम खिशात घालणारे आप्पा

संध्याकाळी शटर ओढताना दुकानदार गल्ला रिकामा करतो. आमचे वहिमी आप्पा गल्ला तसाच ठेवायचे आणि कॉम्प्युटरची रॅम काढून सदऱ्याच्या खिशात घालायचे. खोटं वाटत असेल तर केजला या आणि स्टँडमागच्या गल्लीत कुणालाही विचारा. आधी वायर उपटायची, मग कॅबिनेटचं झाकण बाजूला करायचं, दोन्ही अंगठ्यांनी खटके दाबून ती हिरवी पट्टी उचलायची, रुमालात गुंडाळायची आणि खिशात. सकाळी आधी देवाच्या फोटोला उदबत्ती, मग रॅम जागेवर, मग गिऱ्हाईक. "गल्ल्यातले पैशे गेले तर कळतंय तरी," म्हणायचे. "रॅम बदलली तर कळत बी न्हाई."

वहिमी हे त्यांचं आडनाव नव्हे. वहीम गावानं चिकटवला आणि तो बसलाही चपखल. लग्नपत्रिका छापायचं त्यांचं दुकान. कपाळाला विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, आणि समोर एक जुनाट कॉम्प्युटर, मूळचा पांढरा, पुढं हळदीच्या रंगावर गेलेला. कधीकाळी कुण्या फिरत्या मेकॅनिकनं दुरुस्तीला म्हणून ते मशीन नेलं होतं आणि आतली चांगली रॅम काढून हलकी घालून परत दिलं होतं. आप्पांना ते कळायला पुढची लग्नसराई उजाडावी लागली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आप्पा त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मी केजला आले लग्न होऊन. माहेर चकलांब्याचं, बीडला हार्डवेअरचा कोर्स केलेला. सासऱ्यांनी हौसेनं तहसीलच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान घालून दिलं आणि पहिल्याच आठवड्यात आप्पांचा निरोप आला. मशीन दुकानाबाहेर जाणार नाही, तूच ये. गेले. मी झाकण काढलं तर आप्पांनी समोर स्टूल ओढलं आणि माझ्या हातांवर नजर लावून बसले. मी स्क्रू ठेवला की ते बोटानं तो स्वतःकडं सरकवून घ्यायचे. "चकलांब्याची का तू?" म्हणाले. "तिकडची मानसं बोलायला लई गोड." हे कौतुक आहे की टोमणा, ते मला आजवर कळलेलं नाही. डोक्यात तिडीक मात्र तेव्हाच गेली होती.

तरी मी जात राहिले, कारण त्या मशीनमध्ये त्यांचा जीव अडकला होता आणि आप्पा ते लपवतही नव्हते. बायको गेल्यावर मुलानं, महेशनं, लातूरला चला म्हणून धोशा लावला होता. तिथं त्याचा फ्लॅट होता, लिफ्ट होती, डॉक्टर खालीच बसत होता. आप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "जवर हे मशीन चालू हाय तवर मी केजात. बंद पडलं की बग मंग." मुलगाही हे ऐकून होता, मीही ऐकून होते. म्हणजे मी दुरुस्त करत होते ते नुसतं मशीन नव्हतं, आप्पांचा केजातला मुक्काम होता.

एकदा सकाळी सकाळी फोन. मशीन सुरूच होईना, नुसतं कुंईकुंई करतंय. गेले तर आप्पा दारातच उभे. "काल तू हात लावलतास. काय काढलंस?" "काढायला आहेच काय यात?" म्हणत मी रॅम काढली आणि उजेडात धरली. सोनेरी कडेवर पांढरी भुकटी. त्यांच्या खिशात रुमालाशेजारी विभूतीची वडी असायची, तिचा चुरा झाला होता आणि रात्रभर रॅमनं विभूती लावून घेतली होती. मी खोडरबरानं कड घासली, पट्टी बसवली, मशीन सुरू. "विभूतीनं कुटं काय बिगडतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "शिवाचा परसाद हाय त्यो. तूच कायतरी केलं आसशील, आन आता नीट केलंस." मी तिथल्या तिथं भांडले. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथं तर चोर साक्षात विभूती, तिला कोण फाशी देणार? पुढं ते रॅम डाव्या खिशात आणि विभूती उजव्या खिशात ठेवायला लागले, एवढीच काय ती माझी जीत.

पासवर्डची तर और तऱ्हा. तो टाकताना ते डोक्यावरची टोपी काढून कीबोर्डावर झाकण धरायचे आणि एका बोटानं टाइप करायचे. कुणाला दिसू नये म्हणून एवढा बंदोबस्त, आणि तोंडानं मोठ्यानं पुटपुटायचे, "सी... एच... ओ... आर." अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की आप्पांचा पासवर्ड चोर आहे. शेजारचा बांगडीवाला तर त्यांच्या सुरात सूर मिसळायचा. कुणी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्हाला कसं कळलं याची चौकशी पुढं वर्षभर चालली असती.

इंटरनेटवर त्यांचा सगळ्यात जास्त राग. काम झालं की ती वायर काढून खिळ्याला टांगायची, पुन्हा लागेल तेव्हा लावायची. पडद्यावर अपडेटची पाटी आली की चष्मा पुसून पुसून वाचायचे. "ह्याला कुनी बलिवलं? न मागता कुनी देत आसंल तर आदी आपला खिसा चाचपावा." मी समजवायची, आप्पा, ते सुरक्षेसाठी असतं. "आसंल की. दरवडेखोर बी म्हंतो, भिऊ नका." हसू यायचं आणि संतापही यायचा. पण एक सांगते, त्या मशीनमध्ये कधी व्हायरस शिरला नाही. माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये शिरला.

मग एका लग्नसराईत, ऐन उन्हाळ्यात, गल्लीतली वीज एकदम चढली आणि आप्पांच्या मशीनमधून धूर निघाला. त्याच्या आधीपासूनच दुखणं होतं. लोकांना पत्रिका आता मोबाइलवर लागत होती, आणि आप्पांच्या जुन्या विंडोजवर व्हॉट्सअ‍ॅप उघडेना. गिऱ्हाईक पलीकडच्या पोरांकडं जायला लागलं होतं. मी सामानाची पिशवी घेऊन निघाले तोच महेशचा फोन आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!

"ताई, एक काम करा माझं," तो म्हणाला. "मशीन जळालं ते शेजारच्यांनी कळवलं मला. ह्या खेपेला सांगा त्यांना, आता हे दुरुस्त होत नाही म्हणून."

तो बोलत राहिला. मागच्या आठवड्यात आप्पा दुकानात चक्कर येऊन पडले होते. बांगडीवाल्यानं दवाखान्यात नेलं म्हणून बरं. इथं रात्री त्यांच्याजवळ कोण आहे? "ते माझं ऐकत नाहीत. मशीन मेलं म्हटल्यावर ऐकतील. एवढं एक खोटं बोला, ताई. तुमच्या पाया पडतो." त्याचा आवाज रडवेला झाला होता. लबाड माणसाचा आवाज नव्हता तो, लेकाचा होता. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. बघते, म्हणाले, आणि तो शब्द तोंडात घेऊनच आप्पांच्या दुकानात शिरले.

झाकण काढलं. वीजपुरवठ्याचा डबा जळाला होता, बाकी सगळं शाबूत. तसला डबा माझ्या पिशवीतच होता. पण मी तो बाहेर काढेना. इकडं हात लाव, तिकडं हात लाव, असा वेळ काढत बसले. आप्पा समोर स्टुलावर. त्यांच्या मनगटावर दवाखान्यातल्या सुईचा डाग अजून निळा होता. त्यांनी पाणी दिलं, मी "थँक्यू आप्पा" म्हणाले. स्क्रू सरकवून घेतला, मी काही बोलले नाही.

"पोराचा फोन आलता का?" आप्पांनी एकदम विचारलं.

मी वर बघितलं. "का हो?"

"तू आज माज्याशी भांडली न्हाईस."

काय सांगू! एवढी वर्षं या माणसानं माझ्यावर नाही नाही ते आळ घेतले, सगळे खोटे, आणि मी प्रत्येक वेळी तोंडावर उत्तर दिलं. आणि आज पहिल्यांदा त्यांचा वहीम खरा होता, तर मला उत्तर सुचेना. महेशचं काही चुकत नव्हतं. पण या माणसापुढं खोटं बोलायचं म्हणजे त्या फिरत्या मेकॅनिकच्या रांगेत जाऊन बसायचं. ते माझ्यानं होईना.

"आलता," मी म्हणाले. "दुरुस्त होत नाही म्हणून सांगा, म्हणाले."

"आन? होतंय का?"

"होतंय."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावतील, मुलाला फोन लावतील, मला हाकलतील, सगळं मनात येऊन गेलं. ते रस्त्याकडं वळून बसले. एक जीप प्रवासी कोंबून धुरळा उडवत गेली.

"महेशला सांगू नको, मला कळलंय म्हनून," ते म्हणाले.

"कावून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ल्हान हुता तवा खोटं बोलला की मी जागच्या जागी धरायचो. एक सुटू दिलं न्हाई. त्याची आई म्हनायची, आवो, एखांदं तरी सोडा लेकराचं. कदी सोडलं न्हाई म्या. हे सुटू दे." मग उठले. "तू कर तुजं काम. च्या पिऊन येतो."

आणि गेले की! मशीन उघडं, रॅम टेबलावर, हार्ड डिस्क माझ्या हातात, आणि वहिमी आप्पा चहाला. मला एकटीला तिथं काम सुचेना. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं सारखं लक्ष जायचं. स्क्रू काढला की मीच तो बोटानं पलीकडं सरकवत होते.

त्या आठवड्यात मी त्या म्हाताऱ्या मशीनला नवी उमेद दिली. वीजपुरवठ्याचा नवा डबा घातला. एक लहान, वेगवान डिस्क बसवून तिच्यावर विंडोजसारखीच पण हलकीफुलकी, फुकटात मिळणारी लिनक्स टाकली, व्हॉट्सअ‍ॅप आणि इंटरनेट तिथं. पत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुन्या लिपीचे फॉन्ट काही तिच्यावर चालेनात. म्हणून जुनी डिस्क जुन्या विंडोजसकट तशीच ठेवली, तिला इंटरनेटचा वाराही लागू दिला नाही. सुरू करताना हवी ती निवडायची. पत्रिका जुन्यात करायची, पाठवायची नव्यातून. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "म्हंजी एका घरात दोन चुली मांडल्यास. दोन चुली झाल्या की घर फुटतंय, पोरी." पण शिकले. चार दिवसांत असे शिकले की गिऱ्हाइकाला पत्रिका पाठवून त्या निळ्या खुणांवर नजर ठेवून बसायला लागले. "बगितलंय तर बोलत कावून न्हाई? पलीकडच्याला दाखवायला गेला आसंल." आणि आठवड्याभरात मला फोन, जुन्या डिस्कमधले फॉन्ट तू घरी नेलेस का म्हणून. मी असं काही फैलावर घेतलं त्यांना! ते तिकडून समाधानानं "बरं बरं" म्हणाले.

महेशला मी एवढंच कळवलं की मशीन दुरुस्त झालं. त्यानं फोन ठेवला. त्यानंतर दोन लग्नसराया आप्पांनी त्या मशीनवर काढल्या. गल्लीतली गेलेली गिऱ्हाइकं काही परत आली, काही नाही आली.

ते गेले दुपारी, दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. पडद्यावर कुणाची तरी पत्रिका अर्धी झालेली होती. बांगडीवाल्याला वाटलं, वाचतायत. त्यानं हाक मारली, मग जवळ गेला, मग मला बोलावलं. मी खूप रडले. सख्ख्या माणसासाठी रडावं तशी रडले, आणि कोण बघतंय याची लाज धरली नाही.

क्रियाकर्म उरकल्यावर महेश दुकान आवरायला आला. मला बोलावून घेतलं. आप्पांच्या स्टुलावर बसला होता, टेबलावरच्या धुळीत बोट फिरवत.

"लातूरला असते तर डॉक्टर खालीच होता," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. त्याला नाही म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. कधी कधी अजून मनात येतं, महेशचा शब्द ऐकला असता तर आप्पा अजून असते का? उत्तर सापडत नाही आणि विचार सुटत नाही.

मग त्यानं मान वर केली. डोळे तांबारलेले. "ताई, मी तुम्हाला फोन केलता, ते त्यांना कळलं होतं का हो?"

आप्पांपुढं माझी जीभ जिथं अडली होती, तिथं लेकापुढं ती अडली नाही.

"नाही," मी म्हणाले. "कळलं असतं तर तुम्हाला सोडलं असतं का त्यांनी?"

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. "खरंय," म्हणाला. "कधीच सोडलं नाही मला. एकदासुद्धा नाही."

मी पाणी आणते म्हणून बाहेर आले.